कार्टूनमधली बाई

३ जून १९९६
आले एकदाची बंगळूरला! जे. पी. नगरातलं घर दृष्ट लागावी असं आहे. मागे शेवग्याचं झाड, स्वयंपाकघरात भरपूर उजेड. लग्नाला महिना नाही झाला आणि एकदम चार वर्षांच्या मुलीची आई झाले. योगीराजांची पहिली बायको बाळंतपणातच गेली. त्यामुळे ‘आई’ अशी हाक शाल्मलीनं अजून कुणालाच मारलेली नाही. मला काकू म्हणते. म्हणू दे. हळूहळू होईल.

७ जून
योगीराज सकाळीच बोम्मसंद्र्याला कारखान्यात जातात. दुपार आम्हा दोघींची. कोपऱ्यावरच्या गुंडूअण्णाच्या व्हिडिओ लायब्ररीतून सशाच्या कार्टूनची कॅसेट आणली. शाल्मली माझ्या मांडीवर. मध्येच जाहिरात लागली, चक्क दारूची. सुळसुळीत गाऊनमधली बाई पलंगावर रेलून पेला भरते, घोट घेते, अंगठ्यानं ओठ पुसते आणि बोटानं जवळ बोलावते. पोरांच्या कॅसेटमध्ये हे! पुढे पळवायला उठले, तर शाल्मली किंचाळली. पडद्यावर दोन्ही हात ठेवून म्हणाली, “आई.”
मला नाही. तिला.

९ जून
गुंडूअण्णाशी भांडले. म्हणाला, सगळ्याच कॅसेटींत कंपनीकडूनच घालून येतंय, स्वल्प अॅडजस्ट माडी, अक्का, म्हणजे जरा चालवून घ्या. योगीराजांना ती जाहिरात दाखवली. चिडतील असं वाटलं होतं. पण पडद्यावरून बाई जाईपर्यंत ते बघत राहिले आणि म्हणाले, पडद्यावरच्या बाईवर कसली जळतेस!
जळते तर. न्हाऊ मी घालते, वेणी मी घालते, भरवते मी. आणि हाक तिला.
पहिलीचा फोटो काढून पाहिला. हिच्याशी काडीचं साम्य नाही.

१२ जून
शाल्मली पाण्याचा घोट घेऊन अंगठ्यानं ओठ पुसते. हुबेहूब. माझ्या हातचं जेवत नाही.
आज कॅसेटवर त्या जाहिरातीच्या जागी टीव्हीच्या बातम्या रेकॉर्ड केल्या. गेली बया.

१३ जून
बातम्या नाहीत. तीच आहे. पलंग पुढे सरकलाय. पेले दोन. आणि बोलते, मराठीत — “शालू, ये.”
शालू फक्त मी म्हणते. कुणासमोर नाही, झोपवताना, कानात —

१४ जून
कॅसेट फोडली. टेप कात्रीनं कापली, कचऱ्यात टाकली. शाल्मली रडली नाही. माझ्याकडे बघून हसली.

१५ जून
दुपार. टीव्हीची वायर मीच काढून ठेवलीय. तरी हॉलमधून कार्टूनचं गाणं — शाल्मली खिदळतेय —
दार ढकललं. आमच्या हॉलमध्ये पलंग नाही. आज होता. ती रेललेली, शाल्मली तिच्या कुशीत. मी ओढायला हात पुढे केला. शाल्मलीनं अंग चोरलं, विचारलं, “आई, ही कोण गं?”
ती माझ्या आवाजात म्हणाली, “कुणी नाही, शालू. जाहिरात आहे. संपेल आता.”
स्वयंपाकघरात पळून आले. लिहितेय. योगीराजांची स्कूटर वाजली — त्यांना हाक मारतेय, आवाज फुटत नाही — पडद्याकडे बघावं तसे खिडकीतून माझ्याकडे बघताहेत, जाहिरात पुढे पळवावी तसा हात करताहेत, मी त्यांना —