चालणारी शेव्हरोलेट आणि ढकलायची प्लिमथ

समा, बडोदे

आदरणीय मेहुणे प्रतापसिंहराव यांस धनाजीरावांचा नमस्कार.

तुमचा गुडघा, वहिनींचा दमा आणि म्हशीचं दूध, तिन्ही ठीक असेल अशी आशा. तुमची बहीण इंदिरा खुशाल आहे. मी खुशाल नाही. कालपासून माझं डोकं तापलेलं आहे.

काल आमच्या सोसायटीत जुन्या अमेरिकन गाड्यांचा मेळावा झाला. मेळावा कसला, दोनच गाड्या: आमचे वडील आबासाहेब यांची सत्तावन सालची शेव्हरोलेट आणि शेजारच्या विश्वासरावांची त्याच सालची प्लिमथ. आधी सावली गावापर्यंत जाऊन यायचं, मग परीक्षक किंमत सांगणार. माझी गाडी सावलीला जाऊन, शेव-उसळ खाऊन (म्हणजे मी खाऊन) परत आली. प्लिमथ फाटकाबाहेर पडली आणि तिथेच बसली. तिला आत ढकलायला मीही हात लावला (शेजारधर्म आहे शेवटी). आता सांगा, पहिला नंबर कोणाचा? प्लिमथचा! परीक्षक म्हणे, तिची आसनं, घड्याळ, इंजिन, सगळं मूळचं आहे, शौकीन लोक मागाल ती किंमत देतील. बॉनेटखाली चिमणीचं घरटं निघालं, तेही बहुधा मूळचंच धरलं. मग त्यांनी माझं बॉनेट उघडलं आणि चारचौघांत म्हणाले, "काका, आ तो टेम्पो छे!"

अहो, टेम्पोचं डिझेल इंजिन बसवलंय हे मी कधी लपवलं? मूळचं आठ सिलिंडरचं इंजिन नुसतं पेट्रोल ढोसायचं. ते काढून टाकायचा सल्ला कोणी दिला, त्यांचं नाव मी घेत नाही (पत्र त्यांच्याच हातात आहे). म्हणजे जी चालते ती भंगार आणि जी ढकलावी लागते ती रत्न! या न्यायाने निवृत्तीनंतर माझीही किंमत वाढायला हवी होती. घरात तरी तसं काही दिसत नाही.

हेही गिळलं असतं. पण संध्याकाळी आमची राजेश्वरी म्हणाली, "बाबा, माझी पाठवणी विश्वासकाकांच्या प्लिमथमधून करा." प्रतापसिंहराव, माझ्या दोन्ही बहिणी शेव्हरोलेटमधून सासरी गेल्या. तुमची बहीण तिच्यातूनच या घरात आली. आणि माझी एकुलती एक मुलगी परक्याच्या गाडीतून जाणार? मला फार लागलं. काल मी जेवलो नाही (दोन भाकरी आणि थोडं मटण, बस).

आपला संतप्त,
धनाजीराव

ता. क. : ते मूळचं इंजिन तुमच्या पादरा गावच्या गोठ्यात आहे आणि त्याला म्हैस बांधलेली असते, हे मला ठाऊक आहे. दर दसऱ्याला हळदकुंकू वाहिलंत म्हणून ते तुमचं होत नाही. लग्न पंधरा दिवसांवर आलंय. म्हैस सोडा आणि इंजिन पाठवा.

पुन्हा ता. क. : पाठवू नका. पाकीट चिकटवण्याआधी राजेश्वरीने पत्र वाचलं. आधी हसली, मग रडली. म्हणाली, "बाबा, आपली गाडी लगेच सुरू होते. प्लिमथ होत नाही. तेवढाच वेळ मी दारात, तुमच्याजवळ." तेव्हा आता एकच करा. लग्नाआधी प्लिमथ दुरुस्त करायला विश्वासराव तुमच्या गावच्या मिस्त्रीला बोलावताहेत. तुम्ही मुलीचे मामा आहात. त्याला पंधरा दिवस तिकडेच अडकवून ठेवा.