दोनशे बारा शाळांची सीडी

१४ जुलै २००९

परत रिकामी! सौंदडच्या शाळेतून टेकचंद सरांचा फोन. दहावीतल्या दिव्याचा स्कॉलरशिपचा फॉर्म — काल टाइप केला, सेव्ह केला. आज फाईलचं नाव आहे, आत काही नाही. महिन्यातली अकरावी फाईल. "पोरगी रडून रायली, मॅडम." शेवटची तारीख ३१.

रोज अकराला लोडशेडिंग, दुसरं काय होणार! निदान मशीन तरी शाबूत आहेत. गेल्या वर्षी लाईट परत येतानाच्या झटक्याने दोन जळाल्या होत्या. यंदा एकही नाही — मी शाळांना लावून दिलेल्या नियमामुळे, बरं का!

१५ जुलै

आमच्या टीममधल्या नीलेशने नागपूरहून दुरुस्ती पाठवली. दोष आम्ही शाळांसाठी बनवलेल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्येच आहे. 'सेव्ह झालं' म्हणते आणि मजकूर तीसेक सेकंद मेमरीतच ठेवते. तेवढ्यात लाईट गेली की नुसतं नाव उरतं. खोटारडी! दुरुस्तीने मजकूर लगेच डिस्कवर जातो.

पण नवी आवृत्ती २७ला निघतेय. दोनशे बारा शाळांत सीडी जाणार, तिथे इंटरनेट नाही. एकदा गेली की गेली.

१९ जुलै

दुरुस्ती घालून चाळीस वेळा प्लग उपटला. एकोणचाळीस वेळा फाईल जशीच्या तशी. चाळिसाव्यांदा जुनी मशीन सुरूच होईना! अख्खी डिस्क गेली. डिस्क म्हातारी होती, की दुरुस्तीनेच मारली?

२० जुलै

कळत नाही. खरंच कळत नाही.

२२ जुलै

नीलेश फोनवर — "एका भंगार डिस्कपायी अडून बसतेस?" पण शाळांत सगळ्या तशाच भंगार डिस्का आहेत ना!

बाबांना विचारलं. जन्मभर इटियाडोह धरणाच्या गेटवर नोकरी केली त्यांनी. "धरण भरलं का गेटले हात नाई लावत, अल्का. दुरुस्ती उन्हाळ्यात." पटलं. आई तिथेच तांदूळ निवडत होती. "अन् पोरीचा फारम गेला तं?" तेही पटलं! आता काय करू?

२५ जुलै

दुरुस्ती वगळली. एक फाईल जाणं परवडलं, डिस्क जाणं नाही. बरोबर केलं ना मी?

२७ जुलै, सोमवार

सीड्या पोस्टात टाकल्या. हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटत.

२९ जुलै

दिव्याचा फॉर्म स्वतः भरून द्यावा म्हणून सौंदडला गेले. पावणेअकराला फॉर्म पूर्ण झाला, दिव्याने सेव्ह केलं. टेकचंद सरांनी घड्याळ पाहिलं, उठले, आणि खटकन मेन स्विच पाडला. आठही स्क्रीन काळे. लाईट तर होती अजून!

"सर, हे काय केलंत?"

"नियम हाय ना, मॅडम! लाईट जायच्या आंधी मेन पाडाचा. रोज पाडून रायलो, एक दिवस चुकलो नाई." किती अभिमानाने सांगत होते! भिंतीवर नियमाचा कागद चिकटवलेला. खाली माझी सही.

संध्याकाळी लाईट आल्यावर पाहिलं. फाईल रिकामी. बसून फॉर्म पुन्हा भरला आणि छापूनच दिव्याच्या हातात दिला.

३० जुलै

'आधी मशीन नीट बंद करा' हे त्या कागदावर नाहीच. नीट बंद केली असती तर मजकूर आधी डिस्कवर गेला असता. एवढं कुणालाही कळतं, असं वाटलं होतं मला.

तोच कागद सोमवारी प्रत्येक सीडीसोबत घातलाय. दोनशे बारा. आणि दुरुस्ती इथे, माझ्या टेबलावर.