स्वप्नाशी कसं भांडायचं?

नाशिक, १२ ऑगस्ट १९९८

ती. मामूंना मुश्ताकचा सलाम. वि. वि.

रविवारी सकाळी हनीफ अत्तारांनी चहाची बशी बाजूला सारली, त्या क्षणी माझं सगळं फिरलं. अम्मीने माझ्यासाठी त्यांच्या मुलीला, नफिसाला, मागणी घातली होती. ते म्हणाले, इस्तिखारा केला, अल्लाहकडे कौल मागितला, स्वप्नात कोरडी विहीर दिसली, तेव्हा नाही. बस्स! पोरगा बी.एस्सी. अर्धवट सोडून बसलाय म्हणाले असते, तर भांडलो असतो. स्वप्नाशी कसं भांडायचं? तुम्हीच सांगायचात, अक्कल ही अल्लाहची देणगी. मग विहिरीपुढे ती गप्प का? वरून आलेलं खरं की डोक्यातलं? एकच काय ते सांगा. तोवर मशिदीत पाऊल टाकणार नाही.

माया राहू द्या, उपदेश नको.

तुमचा मुश्ताक

मालेगाव, १७ ऑगस्ट

चि. मुश्ताकला अनेक दुआ.

पत्र वाचून तुझी मुमानी म्हणाली, पोराचं कॉलेज अर्धं, राग मात्र पुरा.

अत्तार चुकले आणि तू त्यांच्याहून जास्त. वह्य, म्हणजे अल्लाहचा संदेश, पैगंबरांबरोबर संपली. ती अत्तारांच्या उशाशी उतरत नाही. इस्तिखारा म्हणजे आधी डोकं चालव, जाणत्यांना विचार, मग दुआ माग. स्वप्नाची अट कुणी घातली? आपले आलिम, म्हणजे धर्मपंडित, शेकडो वर्षं यावर भांडताहेत. काही म्हणतात, वह्य आली की अकलेनं गप्प बसावं. मी दुसऱ्या बाजूचा. जो अल्लाह बोलला, त्यानेच ऐकणारं डोकं दिलं. विचार करत नाही का, असं तोच कुराणात पुन्हापुन्हा खडसावतो. हे अत्तारांना जाऊन सांग. पण तुझ्या अख्ख्या पत्रात नफिसाचं मत एकदाही नाही. निकाहला तिची कबुली लागते, शहाण्या. विचारलंस तिला?

आमचा जीव तुझ्यात आहे, हे रागातही विसरू नकोस.

तुझा मामू

नाशिक, २३ ऑगस्ट

ती. मामूंना सलाम. वि. वि.

गेलो त्यांच्या घरी. तुमचं सगळं अत्तारांना ओरडून ऐकवलं. म्हातारा मान खाली घालून अत्तराच्या कुप्या पुसत राहिला. मग नफिसा आतून आली. म्हणाली, स्वप्न पडलंच नव्हतं. नकार तिचा होता, दोन महिने विचार करून दिलेला. म्हणे मी कॉलेज सोडलं ते रागात, सायकल विकून टाकली ती रागात, त्यांच्याकडून निघतो तेव्हाही दार आपटून निघतो. अशा माणसाबरोबर जन्म कसा काढायचा? अब्बांना ते माझ्या तोंडावर बोलवेना, म्हणून विहीर.

संताप झाला, मामू. माझी लाज राखायला अल्लाहचं नाव पुढे केलं! आणि तिचं कारण तर असं, की भांडलो असतो तर तीच खरी ठरली असती.

तुम्ही तरी मला दूर लोटू नका.

उठलो, चपला घातल्या, बाहेर आलो आणि दार लावून घेतलं. आवाज होऊ दिला नाही.

तुमचा मुश्ताक