रिकाम्या खोलीतला एक माणूस

मी, खाली सही करणारा, वय सत्तावीस, सातवी नापास, धंदा प्रदर्शनांत पडदे-कॅमेरे बसवणे, डोकं ठिकाणावर असताना राजीखुशीने लिहून ठेवतो की उद्या माझ्या फुप्फुसाचं ऑपरेशन आहे. परत आलो तर हा कागद फाडावा. नाही आलो तर माझ्या पश्चात असं करावं.

१. घरातला माझा वाटा ताईला. दादाने कुरकुर करू नये. त्याने माझी सायकल परस्पर विकली तेव्हा मी गप्प बसलो, आता त्याची पाळी.

२. ड्रिल जोडीदार लंबूला. बटण अडकतं, शिवी दिली की सुटतं.

३. मुकादमाला माझा खोकला. काच घासताना मास्क मागितला तर म्हणाला, "नवरी आहेस का, तोंड झाकायला?"

४. फोन आईला. दर रविवारी ती म्हणायची, "बगळ्या, तोंड दाखव की रे!" मी कॅमेरा छताकडे धरून सांगायचो, "नेट नाही गं." नेट होतं. गाल नव्हते. दीड वर्षात तिने मला पाहिलेलं नाही.

५. आता मुख्य. दोन वर्षांमागे एका कलाकार बाईंचा भिंतीएवढा पडदा आम्ही बसवला. कॅमेरा आधी रिकाम्या खोलीचा फोटो घेतो. पुढे त्या फोटोपेक्षा वेगळं जे दिसेल ते माणूस समजून पडद्यावर त्याची सावली उमटवतो आणि मोजतो. लोक सावलीत स्वतःला न्याहाळतात, कॅमेरा लोकांना. तो रिकामा फोटो घेताना मी कोपऱ्यात भिंतीवर आरसा चिकटेपर्यंत दाबून उभा होतो. मुकादम ओरडला, "हलू नको, गोंद ओला आहे!" मशीनने मला भिंतीचाच भाग धरलं. मी बाजूला झालो, तर त्याला मोकळी भिंतच वेगळी वाटली आणि त्या जागी माझी सावली उभी! खोलीत चिटपाखरू नसलं तरी आकडा येतो: एक. बाई म्हणाल्या, "राहू द्या, छान आहे." लोक त्या सावलीशेजारी फोटो काढतात. जन्मात एवढा वेळ मी एका जागी उभा राहिलो नव्हतो.

तेव्हा माझे खांदे भरलेले होते. लंबूने त्या सावलीचा व्हिडिओ काढून फोनसोबत आईला द्यावा. एका पायावर भार टाकून उभा आहे, ती ओळखेल. माझा आत्ताचा चेहरा कोणीही तिला दाखवू नये.

तिने बघितल्यावर बाईंनी मला मोजणं थांबवावं. रिकाम्या खोलीचा फोटो पुन्हा घ्यावा. या वेळी कोपऱ्यात कोणी नसेल.

साक्षीदार: लंबू (वाचून, नाक पुसून), वॉर्डातल्या सिस्टर
ठिकाण: वॉर्ड चार, खिडकीकडची खाट
दिनांक: नऊ, बुधवार, दुपार
सही: बगळ्या