युलालीच्या पियानोची चौकशी

बेलमाँट, पोर्ट ऑफ स्पेन
कार्निव्हलच्या आधीचा दुसरा सोमवार

प्रिय मावसबहीण युलाली हिला एर्मिनचे अनेक आशीर्वाद (मी तुझ्याहून अकरा महिन्यांनी मोठी आहे, तेव्हा हक्क आहे).

तुझे गुडघे, तुझ्या कोंबड्या, अंगणात वाळत घातलेला कोको आणि तुझा पियानो ही सगळी मंडळी सुखरूप असोत. पियानोची काळजी विशेष वाटते. अरिमाची हवा त्याला मानवत नसावी. दर गुरुवारी तो बेसूर होतो आणि माझा थिओफिल बिचारा हत्यारांची पिशवी घेऊन बसनं तुझ्याकडं येतो. इथं बिशपसाहेबांचा पियानो वर्षातून एकदा सुरात लावला की पुरतो. असो, डोंगराकडची हवा.

इकडं मात्र मोठी गंमत झाली आहे. यंदा लॉर्ड टॅमरिंडनं (म्हणजे आपल्या खाटकाचा एगबर्ट, लॉर्ड तो फक्त कार्निव्हलपुरता) कॅलिप्सोच्या तंबूत एक नवं टवाळ गाणं काढलं आहे. गाण्यात एक घड्याळजी आहे. गावाबाहेर एका बाईचं घड्याळ दर आठवड्याला बंद पडतं आणि हा इमानानं किल्ली द्यायला जातो. नाव कुणाचंच नाही. थिओफिलला गाणं इतकं आवडलं की आठवडाभर तो ते शिटीवर वाजवत होता. मठाच्या शाळेतला पियानो लावतानासुद्धा त्यानं तेच वाजवलं. सिस्टर बेनेडिक्टनं पायानं ताल धरला म्हणे.

शनिवारी आम्ही दोघं तंबूत गेलो, पुढून दुसऱ्या रांगेत. पहिल्या कडव्याला सगळ्यांत मोठ्यानं हसला तो थिओफिल. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या टँटी ओलिव्हच्या मांडीवर थाप मारून म्हणाला, “कोण गं हा गाढव घड्याळजी?” टँटी म्हणाली, “बाबा, तू हस. हसून घे.” मग नवं, दुसरं कडवं आलं:

घरची बाई वाढते व्याकरण, त्याला नाही मीठ;
डोंगराकडं आजीची बोली, तिथं जीव होतो नीट.

आणि एगबर्टनं डोक्यावर एक हॅट चढवली, तपकिरी, हिरव्या पिसाची. तसली हॅट बेलमाँटमध्ये एकच आहे, आणि ती त्या वेळी माझ्या नवऱ्याच्या मांडीवर होती. सगळा तंबू वळून बघायला लागला. थिओफिल हॅटवर बसला.

आता तंबूचा कायदा तुला ठाऊकच आहे. ज्याच्यावर गाणं, त्यानं बसून हसायचं. उठून गेला त्याच्यावर दुसऱ्या दिवशी आणखी एक कडवं. थिओफिल हसला, युलाली. दाढदुखीचा माणूस फोटोसाठी हसतो तसा हसला. मीही हसले. एगबर्टनं मग हात वर केला आणि जाहीर केलं, “तिसरं कडवं येत्या शनिवारी, स्पर्धेच्या उपांत्य फेरीला! बाईच्या पत्त्यासकट!” लोकांनी बाकं बडवली.

घरी चालत येताना थिओफिल चेपलेली हॅट ठोकून सरळ करत होता. मग म्हणाला, “एर्मिन, त्या एगबर्टला शब्द कोण पुरवतं गं? त्याला दोन वाक्यं धड जुळवता येत नाहीत. हे कुणा हुशार माणसाचं काम आहे.” एकतीस वर्षांत माझ्या भाषेबद्दल तो पहिल्यांदा चांगलं बोलला. (याआधीचं एकच वाक्य लक्षात आहे: “जेवताना तरी माझं बोलणं सुधारू नकोस, बाई.”) मी म्हटलं, “असेल कुणी शिकलेलं.”

त्या रात्रीपासून मला मठाची शाळा आठवते. नाताळच्या नाटकात तू दर वर्षी देवदूत, कारण तू गोरी, तुझे केस सरळ. मी बाळ येशूला भेटायला येणाऱ्या तीन राजांतला काळा राजा. सिस्टर म्हणायच्या, एर्मिन असली की काजळ वाचतं. आणि आपल्या आजीची बोली तोंडातून निघाली की जिभेवर साबण. तू बाकाखाली कुजबुजायचीस, सिस्टर विचारायच्या “कोण बोललं?” आणि हात मी वर करायची. का, ते अजून कळत नाही. देवदूताच्या तोंडाला फेस बरा दिसला नसता, म्हणून असेल. माझी जीभ स्वच्छ झाली, तुझ्या तोंडात आजी राहिली. आणि आता माझा नवरा ती ऐकायला बस पकडतो.

पुरे झालं. कोंबड्यांना माझा नमस्कार.

तुझीच,
एर्मिन

ता.क. एगबर्टला शब्द मी पुरवते. हॅटसुद्धा मीच शिवून घेतली.

ता.क. २. सिस्टर बेनेडिक्ट सांगत होत्या, शाळेतला तो पियानो तू दोन वर्षांपूर्वी दान दिलास. छान वाजतो. थिओफिलनं ओळखला कसा नाही, कोण जाणे.

ता.क. ३. सोबत शनिवारचं तिकीट आहे, माझ्या शेजारच्या खुर्चीचं. तिसरी कडवी दोन लिहिली आहेत. एकात तुझा पत्ता आहे. दुसऱ्यात साबण आहे, तू आहेस, मी आहे, थिओफिल कुठंच नाही. दुसरं जास्त चांगलं आहे, पण एका शब्दावाचून अडलं आहे. आजी मला जवळ घेऊन ज्या शब्दानं हाक मारायची, तो. मळ्याचे गोरे मालक आपल्या वाडवडिलांना शिवी म्हणून द्यायचे आणि तिनं लाडाचा करून ठेवला होता. मला तो आठवत नाही गं. साबणाबरोबर गेला. थिओफिलला विचारलं असतं, पण मग त्याला तो कुठं ऐकला ते सांगावं लागलं असतं. तेव्हा तूच ये, आणि गाणं सुरू व्हायच्या आधी माझ्या कानात सांग. या वेळी बोललीस तर हात तू वर करायचा.