आमच्या गावानं स्वातंत्र्य नाकारलं त्याबद्दल

पाइनब्रूक, न्यू हॅम्पशायर
जूनअखेर

ती. लवीनियाताईस,

धाकट्या अँब्रोसचा नमस्कार. तिकडे नोव्हा स्कोशियात तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? इकडे प्रकृती उत्तम. फक्त घरात आणि गावात माझ्याशी कुणी बोलत नाही, एवढंच.

झालं असं. दवाखाना बंद केल्यापासून मी घरी बसून कॉर्डेलियाला भांडी कशी लावावीत ते सांगायचो. (सांगणं चुकीचं नव्हतं.) तिनं वैतागून वाचनालयातल्या इतिहासाच्या वर्गात आमची दोघांची नावं घातली. विषय, आपला देश कसा उभा राहिला. परवा शिकवणाऱ्या थॉर्नडाइकबाईंनी वर्गात सतराशे शहात्तरची गावसभा भरवली: इंग्लंडच्या राजापासून वेगळं व्हायचं की नाही, यावर वाद आणि शेवटी मतदान. बाजू ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या. कॉर्डेलिया स्वातंत्र्यवाल्यांची पुढारी झाली, माझ्या वाट्याला राजा आला.

ताई, मी जन्मभर दातांचा डॉक्टर. माझ्यासमोर माणसं तोंड उघडून बसायची, पण वाद घालू शकायची नाहीत; ती हौस तशीच राहिली होती. कॉर्डेलिया हक्कांवर सुरेख बोलली. मग मी उठलो. म्हटलं, "राजा समुद्रापलीकडे राहतो, हेच त्याचं मोठं सुख. आपलं सरकार आलं तर शेजारीच बसेल आणि तुमच्या कुंपणाची उंची मोजेल." (गावच्या कचेरीनं नुकतीच निम्म्या गावाची कुंपणं उतरवायला लावली होती, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.) टाळ्या थांबेनात. मतदान झालं आणि अमेरिका जन्मालाच आली नाही.

"अहो डॉक्टर, आता पुढचे धडे मी शिकवू कशाचे?" थॉर्नडाइकबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. बातमी गावभर झाली, आणि चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीतला माझा ढोलही मिरवणूकवाल्यांनी काढून घेतला. त्या दिवशी घरी येताना गाडीत कॉर्डेलिया म्हणाली, "तुम्ही जिंकलात त्याचं काही नाही हो. पण लोक माझ्या बोलण्याला हसले, तेव्हा तुम्हीही हसलात."

वर्गाच्या पुस्तकातलं पुढचं प्रकरण मग एकट्यानंच वाचलं. राजाच्या बाजूच्या लोकांना शेजाऱ्यांनीच हुसकावलं. बिचारे जहाजात बसून तुमच्याच, राजाकडे राहिलेल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याला लागले. वाचताना जीव थोडा थोडा झाला.

तुझा,
अँब्रोस

ता. क. तुझी मागची खोली रिकामी आहे का? चार जुलैपुरती.

आणखी ता. क. वन्सं, मी कॉर्डेलिया. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. यांना ठेवून घ्या, पण पाच तारखेला परत पाठवा. पुढच्या वर्गात राज्यघटनेवर वाद आहे. या खेपेला चिठ्ठ्या टाकायच्या आधीच मी बाईंकडून यांना माझ्या बाजूला मागून घेतलंय.