आपल्या टीमचा ड्रेस

प्रिय चंद्राताई,

तुला जाऊन पाच महिने झाले. एवढ्या दिवसांत तुला लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण धीर झाला नाही. आज दुपारी विचुंब्याच्या त्या नव्या सोसायटीच्या कार्यक्रमात तुझ्या फोटोला हार घातला आणि माइकवरून एक माणूस म्हणाला, "रस्सीखेचीची वाघीण, चंद्राताई!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी आले ती अंगावरचे कपडेही न बदलता लिहायला बसले आहे.

तू असतीस तर तिथंच म्हणाली असतीस, "वाघीन कोन गो? मी मावरं इकनारी बाय हाय!"

आपली पहिली भेट बाजारातलीच. मी सुरमईसाठी तुझ्याशी घासाघीस करत होते आणि बर्फाची पेटी दोन हमालांना हलेना. तू उठलीस, लुगड्याचा काष्टा घट्ट केलास आणि पेटी एकटीनं ओढून भिंतीला लावलीस. मी मासे तिथंच विसरले. म्हटलं, आमची बायकांची रस्सीखेचीची टीम आहे, याल का? तू किती हसलीस! "दोर खेचाचा? त्याला टीम कशाला? मोऱ्याच्या बंदराव आमी लहानपनापासून होड्या खेचताव."

पण रविवारी आलीस. आणि आठ जणींत सगळ्यात शेवटची जागा तुझी झाली, दोर अंगाभोवती घेऊन टाच रोवून उभं राहायची. मी सातवी. खेचताना मला तू कधी दिसली नाहीस. फक्त पाठीमागून तुझा श्वास ऐकू यायचा, आणि तो ऐकू येत होता तोवर मला भीती वाटली नाही.

जिल्ह्याच्या पहिल्या स्पर्धेला आपण कशा गेलो होतो, आठवतं? कुणाची सलवार, कुणाची ट्रॅकपँट, ओढण्या कमरेला बांधलेल्या, आणि तू लुगड्यात. कठड्यावरची पोरं ओरडली, "ओ मावशी, पिकनिक तिकडंय!" आपण दुसऱ्या आलो. तरी पेपरात एक ओळ नाही. पंच मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, पुढच्या वेळी एकसारखा ड्रेस हवा. नाहीतर लोक खेळ म्हणून बघत नाहीत."

ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करणारी मी, मला चार लोकांत आपला खेळ मिरवायचा होता. जर्सी आणि हाफ पँट ठरवली. तू विचारलंस, "लुगऱ्यात माजा पाय घसरला का कवा?"

"नाही."

"मंग?"

"ताई, इमेजचा प्रश्न आहे."

"ही इमेज कोन? तिला पन घेऊन ये रविवारी, दोर धरूदे."

सगळ्या हसल्या. मी नाही हसले. आणि मग तू ऐकलंस, कारण जर्सी राहणार म्हणून बाकीच्या पोरी हिरमुसल्या होत्या. तुझ्या मापाची हाफ पँट तयार मिळेना म्हणून शिवून घेतली. तू तिच्यावरून पंचा गुंडाळून मैदानात आलीस, शिट्टी व्हायच्या आधी तो सोडून मला दिलास आणि म्हणालीस, "नीट धर, पयला तोच बांधाचा हाय मला." त्या दिवशी आपण पहिल्या आलो, ताई! तू मला उचलून घेतलं होतंस!

तिसऱ्या दिवशी तो फोटो फिरायला लागला. कुणी काढला, देव जाणे. मागून काढलेला, तू मागे रेललेली, आणि खाली म्हशीचा विनोद. माझ्या सोसायटीच्या ग्रुपवरही आला. मी काय केलं सांगू? ग्रुप म्यूट केला. एक अक्षर लिहिलं नाही. तुझ्याकडे तो तुझ्या दिरानं घरातल्या सगळ्यांसमोर दाखवला, हे मला बाजारातून कळलं. तू मात्र एवढंच म्हणालीस, "घरचे बोलले. बोलूदे."

पुढच्या रविवारी तू परत लुगड्यात आलीस आणि मैदानाबाहेर उभी राहिलीस. "नियम हाय ना तुमचा. मी दोर सांभालते." तेव्हा मी जिल्हा संघटनेला एक पत्र टाकायला हवं होतं. काष्ट्याचं लुगडं चालेल का, एवढंच विचारायचं होतं! ते नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं. पण मी विचारलंच नाही. खरं सांगू का? मला भीती होती, ते 'चालेल' म्हणतील.

आणि आज, ताई, आम्ही आठही जणी नऊवारीत होतो.

तू गेल्यावर टीम मोडायला आली होती. तेव्हा ही सोसायटी बांधणाऱ्या कंपनीनं मैदान दिलं, बूट दिले, प्रवासाची सोय केली. मी दोन वर्षांच्या करारावर सही केली. त्यात एक ओळ होती, कंपनीच्या कार्यक्रमात कंपनी देईल तो ड्रेस. मला जर्सीच वाटली. गेल्या आठवड्यात त्यांचा माणूस म्हणाला, "जर्सीत काय वेगळं दिसणार? कोळी लुक द्या. लोकल टच." मी नाही म्हटलं, तर तो गोड हसून म्हणाला, "मैदान आमचंच आहे ना, मॅडम?"

शिवलेल्या नऊवाऱ्या आल्या. मागे चेन! चापाच्या नथी. समोर त्यांच्या ऑफिसातली आठ पोरं उभी केली होती आणि त्यांना हरायला सांगितलं होतं. आम्ही खेचलं, ती धडाधड पडली, लोकांनी व्हिडिओ काढले. मी टाच रोवलीसुद्धा नव्हती.

मला सगळ्या नको म्हणतील असं वाटलं होतं. पण पूजा रडवेली होऊन सांगत होती, "ताई, सासूबाई पहिल्यांदा बघायला आल्या. म्हणाल्या, आता रविवारी जा बिनधास्त." तिला काय सांगू मी? हे सोडलं तर तिचा रविवार जातो. धरून ठेवलं तर मी तुझ्या फोटोसमोर चेन लावलेलं लुगडं नेसून उभी राहते, पुढची दोन वर्षं.

दिवा लावायला त्यांनी तुझ्या सोनालीला बोलावलं होतं. ती माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिली. "काकी, ह्ये आयच्या आठवनीसाठी?"

"हो गं."

"आय अशी नाय नेसाची."

मग तिनं विचारलं, "आयच्या जागेवर कोन हाय?" म्हटलं, पक्कं कुणी नाही. ती म्हणाली, "मी येऊ? पन मला ती हाफ पँट पायजे. माज्या मापाची शिवा. फोटू काढूदे कोनाला काढाचा तो."

ताई, मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. कारण तिला पोस्टरचं माहीत नाही.

तू फोटोनंतर मैदानात उतरत नव्हतीस, त्या दिवसांत मी आपलं पोस्टर छापलं होतं. जिंकल्या दिवशीचा फोटो होता, आपण आठही जणी ओळीत. तो मी माझ्यामागे कापला. सात जणी ठेवल्या. टापटीप दिसतंय, असं स्वतःशी म्हटलं. बाजाराच्या भिंतीवर ते लागलं आणि तू मला फक्त एकच विचारलंस, "सुमे, दोर कुठं गेला गो? त्याला शेवट नाय?"

"मावत नव्हतं ताई," मी म्हणाले.

"बरं," म्हणालीस, आणि माझी कोलंबी पिशवीत भरून दिलीस.

त्यानंतर महिन्याभरात तुला कावीळ झाली. दवाखान्यात मी एकदाच आले, तेव्हा तू झोपेत होतीस. उठवलं नाही. का नाही उठवलं मी तुला?

करारातून कसं सुटायचं ते मला ठाऊक नाही, म्हणून त्याचं वचन देत नाही. लुगड्याबद्दल संघटनेला पत्र उद्या टाकते, उशीर झालाय तरी टाकते. आणि रविवारी सोनालीनं दोराला हात लावायच्या आधी मी तिला पोस्टरचं सांगेन. मावत नव्हतं असं म्हणणार नाही. मला लाज वाटली, असंच सांगेन. ती ऐकून निघून गेली तर मागून हाक मारणार नाही. शिव्या दिल्या तर उभी राहून ऐकेन. हे वचन.

तुझी,
सुमेधा